विझत्या उजेडाचं वय

जीआरबी १७०१०५ए. कोडिंग करणाऱ्याला हे नाव एखाद्या बिल्ड नंबरसारखं दिसेल, आणि ते वाचायचंही तसंच. जीआरबी म्हणजे गॅमा रे बर्स्ट, गॅमा किरणांचा स्फोट. १७ म्हणजे २०१७ साल, ०१ म्हणजे जानेवारी, ०५ ही तारीख आणि शेवटचं 'ए' म्हणजे त्या दिवशी नोंदला गेलेला पहिला स्फोट. स्फोट कुठं झाला हे मात्र या नावात नाही. कारण या स्फोटांच्या अभ्यासाची पहिली तीस वर्षं शास्त्रज्ञांच्या हातात खात्रीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वेळ.

हा लेख त्या तीस वर्षांचा आणि त्यानंतरच्या धावपळीचा आहे. त्यात कुरुंदवाडला जन्मलेला एक माणूस आहे, पुण्या-मुंबईत बसून एका मोठ्या गोंधळाची गाठ सोडवणारी मंडळी आहेत आणि नांदेडच्या शेजारचं औंढा नागनाथही आहे. मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि आता पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. खगोलशास्त्र हा माझा धंदा नव्हे. पण अलर्ट येणं, तो खरा की खोटा हे ठरवणं, रात्री कुणीतरी ड्युटीवर असणं, शिफ्ट बदलताना काम दुसऱ्याच्या हाती देणं हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. म्हणून या इतिहासात दुर्बिणींइतकाच मला रस आहे तो निरोप कसा पोचला यात.

शत्रूवर नजर, आकाशातून उत्तर

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन यांनी वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार केला. करारावर सही झाली तरी विश्वास नव्हता. समोरचा चोरून चाचणी करतोय का हे बघण्यासाठी अमेरिकेनं 'वेला' नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात, ते या उपग्रहांनी टिपायचे होते.

२ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक लखलखाट टिपला. तो अणुबाँबसारखा नव्हता. पण तो लक्षात आला १९६९ साली, लॉस अलामोसमधल्या रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन यांनी जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा. पुढं आणखी स्फोट सापडले. वेगवेगळ्या उपग्रहांवर किरण पोचायला लागलेल्या वेळेतला बारीक फरक मोजून ते पृथ्वीवरून किंवा सूर्याकडून आलेले नाहीत एवढं ठरलं. १९७३ साली १६ स्फोटांची माहिती जाहीर झाली. म्हणजे पहिल्या घंटीपासून जगाला बातमी कळेपर्यंत सहा वर्षं गेली.

हे स्फोट काही सेकंद टिकायचे आणि जायचे. गॅमा किरणांना आरशानं किंवा भिंगानं एका जागी गोळा करता येत नाही, त्यामुळं दिशाही धड कळत नसे. मोकळ्या रानात अंधारात कुणीतरी एकदाच हाक मारावी आणि आपण गोल फिरून बघत राहावं, तशी अवस्था. या काळात शंभरच्या वर सिद्धांत मांडले गेले. मुख्य वाद अंतराचा होता. हे स्फोट आपल्याच आकाशगंगेतले असतील, तर त्यांची ताकद बेताची. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे असतील, तर सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात देणार नाही एवढी ऊर्जा ते काही सेकंदांत फेकतात, असं मानावं लागणार.

१९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या 'बॅट्से' या उपकरणानं २,७०० च्या वर स्फोट नोंदवले. दिवसाला साधारण एक. ते आकाशात सगळीकडं सारखे विखुरलेले होते. आकाशगंगेचा पट्टा मात्र त्यात कुठंच उमटला नाही. तरी १९९५ साली वॉशिंग्टनला बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांच्यात या अंतरावरून जाहीर वादविवाद झाला आणि तो अनिर्णितच राहिला. नुसत्या मोजणीतून अंतर निघत नव्हतं. त्यासाठी स्फोटानंतर मागं उरणारा काहीतरी उजेड सापडायला हवा होता.

१९९७: राख अजून गरम होती

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्सच्या 'बेप्पोसॅक्स' उपग्रहानं एक स्फोट टिपला. या उपग्रहाकडं क्ष-किरणांचे कॅमेरेही होते. सुमारे आठ तासांनी त्याची मान त्या दिशेला वळवली, तर तिथं क्ष-किरणांचा एक मंदावत चाललेला स्रोत दिसला. स्फोटानंतर २१ तासांच्या आत ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीनं त्याच जागेचा फोटो घेतला. आठवडाभरानं पुन्हा घेतला. पहिल्या फोटोतला एक ठिपका दुसऱ्यात जवळजवळ गेला होता.

हाच 'आफ्टरग्लो'. चूल विझल्यावरही निखारे काही वेळ धगधगत राहतात, तसा स्फोटानंतरचा उजेड. आज आपल्याला माहीत आहे की लांबलचक स्फोट बहुतेक वेळा प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळताना होतात. प्रकाशाच्या जवळपास वेगानं दोन झोत बाहेर पडतात. ते आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळतात आणि तो वायू आधी क्ष-किरणांत, मग दृश्य प्रकाशात आणि पुढं कित्येक आठवडे रेडिओ लहरींत चमकत राहतो.

अंतराचा निकाल लागला त्याच वर्षी मे महिन्यात. ८ मे १९९७ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो हवाईच्या केक दुर्बिणीनं पाहिला आणि त्याच्या वर्णपटात मधल्या वायूच्या खुणा सापडल्या. त्यावरून स्फोट किमान अब्जावधी प्रकाशवर्षं लांबचा ठरला. हे काम करणाऱ्या कॅलटेकच्या गटात मार्क मेट्झगर, जॉर्ज जॉर्गोव्स्की यांच्याबरोबर श्रीनिवास कुलकर्णी होते. जन्म १९५६, गाव कुरुंदवाड, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं. शिक्षण हुबळीत, मग आयआयटी दिल्ली, मग बर्कली. याच स्फोटाच्या रेडिओ उजेडावर डेल फ्रेल आणि कुलकर्णी यांनी लिहिलेला निबंध मला जास्त आवडतो. हा रेडिओ स्रोत सुरुवातीला लुकलुकत होता आणि काही आठवड्यांनी लुकलुकणं कमी झालं. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, कारण तारे ठिपक्याएवढे दिसतात आणि ग्रहांना थोडा तरी आकार असतो. तोच न्याय इथं लावला. लुकलुकणं थांबलं म्हणजे ठिपका फुगला. किती दिवसांत फुगला यावरून तो प्रकाशाच्या वेगाच्या आसपास पसरतोय हे निघालं. लहानपणी गच्चीवर झोपताना प्रत्येकानं पाहिलेली गोष्ट, आणि तिच्यातून अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या आगीच्या गोळ्याचं माप.

निरोपाची शर्यत

आता प्रश्न वेगाचा होता. निखारे गरम असेपर्यंत पोचायचं. त्यासाठी उपग्रहाचा निरोप माणसाच्या हातून न जाता थेट दुर्बिणीकडं जायला हवा. १९९० च्या दशकातच नासातून असं जाळं सुरू झालं होतं. स्फोट झाला की त्याची जागा सेकंदांत जगभरच्या वेधशाळांना कळायची. २३ जानेवारी १९९९ ला याचं फळ मिळालं. 'रॉटसे' नावाच्या छोट्या स्वयंचलित कॅमेऱ्यानं स्फोट सुरू झाल्यावर २२ सेकंदांत फोटो काढला. तेव्हा तो उजेड साध्या बायनॉक्युलरनं दिसेल एवढा होता, आणि तरी स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचा होता. याच स्फोटाचा मावळता उजेड नैनितालच्या वेधशाळेतूनही मोजला गेला. भारतातल्या आफ्टरग्लो निरीक्षणांची खरी सुरुवात तिथून धरतात.

२००४ साली 'स्विफ्ट' उपग्रह आला. तो स्फोट टिपतो आणि मिनिट-दोन मिनिटांत स्वतःच त्या दिशेला वळतो. १९ मार्च २००८ ला त्यानं टिपलेला स्फोट अंधाऱ्या जागी असणाऱ्याला अर्धा-पाऊण मिनिट नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. आपल्याकडं तेव्हा सकाळचे पावणेबारा होत आले होते. आकाशात ऊन.

ही साधी गोष्ट महत्त्वाची आहे. स्फोट रात्र बघून होत नाही. कॅलिफोर्नियात उजाडलं की पुढची रात्र दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची. युरोपच्या वेधशाळा आणि पूर्व आशिया-ऑस्ट्रेलिया यांच्या मधला मोठा पट्टा आपल्या वाट्याला येतो. आमच्या आयटीत आपण अमेरिकेच्या दिवसासाठी रात्र जागतो. इथं मात्र आपली रात्र हीच आपली किंमत आहे. लडाखमधल्या हान्लेला, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, २०१८ पासून 'ग्रोथ-इंडिया' ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण काम करते. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी ती उभारली. ती स्वतःच वेळापत्रक पाळते, अलर्ट आला की ठरलेलं काम सोडून तिकडं वळते. हान्ले आणि नांदेड यांच्या रेखांशात दोन अंशांचाही फरक नाही. ४ फेब्रुवारी २०२१ च्या स्फोटाचा उजेड नवव्या आणि तेराव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा थोडा उसळल्याचं या दुर्बिणीसह झालेल्या निरीक्षणांतून कळलं. इतक्या उशिराची उसळी त्याआधी कुणी नोंदवली नव्हती. विझलं म्हणून सगळ्यांनी पाठ फिरवल्यावरही कुणीतरी बघत बसलं होतं, म्हणून ती सापडली.

एक ठिपका, दोन दावेदार

आता सुरुवातीच्या नावाकडं येऊ.

४ जानेवारी २०१७, भारतीय वेळ दुपारी ३ वाजून ४१ मिनिटं. अमेरिकेतल्या दोन्ही लायगो यंत्रांनी गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. कृष्णविवरांच्या अशा मीलनातून उजेड यायला नको, कारण जळायला तिथं काही नसतं. पण 'नको' आणि 'येत नाही' यात फरक आहे. २०१५ च्या पहिल्या गुरुत्वीय लहरीनंतरही 'फर्मी' उपग्रहाच्या एका गटानं गॅमा किरणांचा अगदी क्षीण संकेत मिळाल्याचं सांगितलं होतं आणि त्यावर वाद चालूच होता. त्यामुळं जगभरच्या दुर्बिणी शोधायला लागल्या. शोधायचा भाग होता हजाराहून जास्त चौरस अंशांचा. पौर्णिमेचा चंद्र साधारण ०.२ चौरस अंश जागा व्यापतो. म्हणजे पाच हजार चंद्र मावतील एवढं आकाश.

सुमारे २३ तासांनी हवाईच्या 'ॲटलास' दुर्बिणीला या पट्ट्यात झपाट्यानं मंदावणारा एक ठिपका सापडला. नाव पडलं ॲटलास १७एईयू. हा उजेड त्या कृष्णविवरांचा असेल, तर भौतिकशास्त्राची पुस्तकं बदलावी लागतील. ॲटलासच्या गटानं आपल्या निबंधात ती शक्यता उघडी ठेवली.

इकडं भारताचा 'ॲस्ट्रोसॅट' २८ सप्टेंबर २०१५ पासून कक्षेत होता. त्यावरचं 'सीझेडटीआय' हे उपकरण मुंबईची टीआयएफआर, पुण्याचं आयुका आणि इतर संस्थांनी मिळून बनवलेलं. त्याची खुबी अशी की जास्त ऊर्जेच्या किरणांना त्याच्या बाजूच्या भिंती अडवू शकत नाहीत. त्यामुळं ते समोर बघत असलं तरी चहूबाजूंचे स्फोट त्याला जाणवतात. ६ ऑक्टोबर २०१५ ला ते सुरू केलं त्याच दिवशी त्यानं पहिला जीआरबी टिपला. २०२२ पर्यंत त्याच्या खात्यावर ५०० स्फोट जमा झाले.

आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव, आयुकाचे दीपांकर भट्टाचार्य, कॅलटेकच्या मानसी कासलीवाल, श्रीनिवास कुलकर्णी आणि बरेच सहकारी या ठिपक्यामागं लागले. आधी पाहिलं ते गुरुत्वीय लहर आली त्या क्षणाकडं. तेव्हा सीझेडटीआयच्या नजरेत शोधपट्ट्याचा निम्मा भाग येत होता. तिथं काहीच नव्हतं. 'काही दिसलं नाही' हीसुद्धा नोंद असते, कारण दिसण्याजोगं काही असतं तर ते किती मंद असायला हवं याची मर्यादा तिच्यातून ठरते.

मग प्रश्न आला ठिपक्याच्या वयाचा. आफ्टरग्लो कसा विझतो याला एक ठरावीक चाल असते. सोपं करून सांगायचं तर त्याचं वय दुप्पट झालं की उजेड साधारण निम्मा होतो. प्रत्यक्षात उतार थोडा कमी-जास्त असतो, पण हिशोब समजायला एवढं पुरे. समजा, ठिपका पहिल्यांदा दिसल्यावर तीन तासांत उजेड निम्मा झाला. मग पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचं वय तीन तास होतं. तो गुरुत्वीय लहरीबरोबर जन्मलेला, म्हणजे २३ तासांचा असता, तर निम्मा व्हायला आणखी २३ तास लागले असते. पोराच्या वाढीवरून नव्हे, म्हाताऱ्याच्या थकण्यावरून जन्मतारीख काढायची, असा हा प्रकार.

हिशोबातून निघालेली जन्मवेळ गुरुत्वीय लहरीच्या खूप नंतरची होती. तिच्या आसपासची सीझेडटीआयची नोंद चाळल्यावर तिथं एक स्फोट सापडला. ५ जानेवारी, आपल्याकडं दुपारचे बारा वाजायच्या आत, लहरीनंतर सुमारे वीस तासांनी. चीनच्या अवकाश प्रयोगशाळेवरच्या 'पोलर' उपकरणानंही तो टिपला होता. हाच जीआरबी १७०१०५ए. ठिपका त्याचा निखारा होता. कृष्णविवरांशी त्याचा संबंध नव्हता. तो त्यांच्याही कितीतरी पलीकडं कुठंतरी मेलेल्या ताऱ्याचा असावा. एकाच गल्लीत दोन घरांत एका दिवसाच्या अंतरानं काहीतरी घडावं आणि गावानं त्यांचं नातं जोडावं, तसं झालं होतं.

हा योगायोग अचाट वाटतो, पण तसा नाही. सगळं आकाश सुमारे ४१ हजार चौरस अंशांचं. त्यात रोज एखादा स्फोट नोंदवला जातो. तुमचा शोधपट्टा हजारभर अंशांचा असेल, तर त्यात एका दिवसात भलताच स्फोट येण्याची शक्यता दोन-तीन टक्के. पन्नास वेळा शोध घेतलात तर सरासरी एकदा तरी फसवा ठिपका मिळू शकतो. अशा वेळी उत्साहापेक्षा हिशोब कामाला येतो, आणि हा हिशोब इथं बसलेल्या लोकांनी केला. नवा शोध लावल्याचं नाव होतं. 'नाही, हा तो नव्हे' हे सिद्ध केल्याची मात्र मोठी बातमी होत नाही. पण याच जागी खोटी बातमी रुजली असती, तर पुढची कित्येक वर्षं लोक चुकीच्या जागी खणत बसले असते.

तिसरं घर

फसगतीचं मूळ शोधपट्टा अवाढव्य असण्यात होतं. गुरुत्वीय लहरीचं यंत्र दुर्बिणीसारखं वळवता येत नाही. ते आवाज ऐकतं. गावात रात्री फटाका वाजला आणि दोन घरांनी तो किती अंतरानं ऐकला हे कळलं, तर फटाका कुठल्या पट्ट्यात वाजला एवढंच सांगता येतं. तिसऱ्या घरानं ऐकला की नेमकी गल्ली सापडते. वेला उपग्रहांनीही हेच केलं होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीचं 'व्हर्गो' हे तिसरं घर कामाला लागलं. १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट. या वेळी शोधपट्टा ३० चौरस अंशांच्या आत आला. अकरा तासांत उजेड सापडला, १३ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेत. त्याचा रेडिओ निखारा पुढं नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनंही मोजला.

पुढचं घर औंढ्याजवळ होतंय. लायगो-इंडियाला केंद्रानं २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. जागा औंढा तालुक्यातल्या दुधाळा गावाजवळची. एकमेकांशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि टोकांना टांगलेले आरसे. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारो पटींनी लहान हालचाल त्यांनी ओळखायची. उरलेल्या यंत्रांपासून इतकं लांब असल्यामुळं इथल्या कानाची किंमत मोठी आहे.

अशा यंत्रासाठी शांत जमीन लागते आणि ती मराठवाड्यात सापडली, हे वाचताना आपल्या पिढीलाही किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर-उस्मानाबादची गावं, सुमारे दहा हजार मृत्यू. दख्खनचं पठार स्थिर आहे हा समज त्या रात्री मोडला. औंढा-वसमतच्या पट्ट्यातही जमिनीतून आवाज येतात. २१ मार्च २०२४ ला पहाटे हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तो नांदेडपर्यंत जाणवला. मग शांतता कसली? उत्तर असं, की या यंत्राला खरा त्रास कधीतरी बसणाऱ्या धक्क्याचा नसतो. धक्का बसला तर काही वेळ काम थांबतं, पुन्हा जुळवणी करता येते. त्रास असतो चोवीस तासांच्या कुजबुजीचा, म्हणजे रेल्वे, कारखाने, महामार्ग आणि समुद्राच्या लाटा यांचा. किनाऱ्यापासून दूर, मोठी रहदारी नाही, मोठे उद्योग नाहीत, खाली काळा पाषाण. आपण ज्याला अनुशेष म्हणत आलो, त्यातलं बरंच काही इथं पात्रता ठरलं आहे.

यावर खूश व्हायचं की खंतावायचं, हे मला ठरवता येत नाही. उद्योग नाहीत म्हणूनच तर माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं पुण्या-बंगळुरूच्या गाड्यांत बसली. लातूर पॅटर्ननं घडवलेली हुशारी बहुतेक बाहेरच खपते. एका प्रयोगशाळेनं हे बदलत नाही. यंत्र तिथं उभं राहील आणि आसपासच्या गावांना फक्त कुंपण दिसेल, हेही होऊ शकतं.

पण या साठ वर्षांच्या गोष्टीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तुम्ही पृथ्वीवर कुठं उभे आहात, हेच अनेकदा उपकरण असतं. नैनितालला दुर्बीण मोठी नव्हती, पण तिथं त्या वेळी रात्र होती. ॲस्ट्रोसॅट योग्य क्षणी जागा होता. दुधाळ्याच्या जमिनीची ताकदही ती जिथं आहे तिथं असण्यात आहे. यंत्र सुरू झालं की त्याला आरसे सांभाळणारे लागतील, व्हॅक्यूम पंप आणि वीज बघणारे लागतील, रात्री दोन वाजता अलर्ट खरा की खोटा हे तपासणारे आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर लिहिणारे लागतील. ही कामं आयटीआय झालेल्यांपासून पीएचडीपर्यंत सगळ्यांची आहेत. आज नांदेड, लातूर, हिंगोलीत अकरावीत असणारी मुलं तेव्हा कामाच्या वयात येतील. त्या ड्युटीच्या तक्त्यावर त्यांची नावं असतील का, याची तयारी यंत्र उभं राहायच्या आधी, शाळा-कॉलेजांतच व्हावी लागेल.